‘मोबाईलने धर्म संपवला’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

श्रावण लागला की खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, सांगणं तेच. टीव्ही-मोबाईलने आपला धर्म आणि संस्कृती संपवली, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे. पूर्वी माध्यमं नव्हती म्हणून भक्ती शुद्ध होती. तरुण पिढी देवापासून तुटली. कानबाई या आपल्या देवीच्या उत्सवाचा डीजे आणि रीलने धिंगाणा केला. म्हणून मोबाईल बाजूला ठेवा, संस्कृती वाचवा. यातली डीजेची तक्रार खरी आहे, मलाही ती लागते. बाकीचं मात्र तपासल्याशिवाय पुढे ढकलू नये.

‘संशोधनाने सिद्ध झालं आहे.’ असं काही सिद्ध झालेलं नाही. माध्यमं, धर्म आणि संस्कृती यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९३ साली स्वीडनमधल्या उप्सालाला भरली, आणि तेव्हापासून या मंडळींत वादच चालू आहे. मजकुराच्या सगळ्यांत जवळ जातात ते डेन्मार्कचे स्टिग यारवार्ड. धर्माची सूत्रं धर्मसंस्थांच्या हातून निसटून माध्यमांकडे जातात, असं त्यांनी २००८ मध्ये मांडलं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे उत्तर युरोपातला समाज होता, आणि धर्म संपला असं तेही म्हणत नाहीत. उलट बाजूला बिर्गिट मायर आहेत. घानामधल्या ख्रिस्ती पंथांचा आणि तिथल्या व्हिडिओ चित्रपटांचा अभ्यास करून त्या सांगतात, की देव डोळ्यांना दिसत नाही म्हणून माणसाला कायमच काहीतरी मधे लागतं. मूर्ती, पोथी, आवाज, अंगात येणं, काहीही.

मायरबाईंचं हे म्हणणं खान्देशात बसून मला पटतं, म्हणूनच ‘पूर्वी माध्यमं नव्हती’ या वाक्याशी माझं सगळ्यात मोठं भांडण आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ वाङ्मयाचे अभ्यासक शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली रामदासी बाडं आहेत. कुणीतरी दिव्याच्या उजेडात बोरूने उतरवलेली, एका मठातून दुसऱ्यात गेलेली. ती माध्यमं नव्हेत तर काय? ख्रिश्चन नोवेट्झके या अभ्यासकाने नामदेवांच्या परंपरेबद्दल हेच दाखवलं. कीर्तनकार पदं बाडात टिपून ठेवायचा, पण ती टिपणं उभं राहून गाण्यासाठी असायची. कागद आणि गळा दोन्ही बरोबरच चालत होते. आपल्या बहिणाबाई घ्या. अक्षर न शिकलेली आसोद्याची लेक जात्यावर आणि शेतात गाणी रचत राहिली, मुलगा सोपानदेवांनी ती कागदावर उतरवली, आणि १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. लेखणी आणि छापखाना नसता तर ती गाणी भाऊबंदांबाहेर पोचलीच नसती. देव्हाऱ्यावरच्या कमळातल्या लक्ष्मीचं रूपही रविवर्म्याच्या, १८९४ साली मुंबईत निघालेल्या छापखान्यातून घराघरांत गेलं. आज तिला कोणी ‘माध्यमाने बाटलेली’ म्हणत नाही.

तरुण तुटले, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा लोक अंघोळ करून बसायचे, टीव्हीला हार घालून उदबत्ती लावायचे. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ने सोळा शुक्रवारांचं व्रत कुठल्या कुठे नेलं. पडद्याने लोक देवापासून लांब गेले, असा हा पुरावा नाही. अभ्यासकांची काळजी वेगळीच होती. अनेक रामकथांच्या जागी एकच ठरून जाईल, हे इतिहासकार रोमिला थापर यांनी तेव्हाच लिहिलं. त्या मालिकेचं राजकारणाशी काय नातं जुळलं, ते माध्यमांचे अभ्यासक अरविंद राजगोपाल यांनी २००१ मध्ये पुस्तकभर मांडलं. ही काळजी मला खरी वाटते, आणि मजकुरात तिचा पत्ता नाही.

आता डीजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक, नथ, दागिने, साडी लेववून ती चौरंगावर मांडली जाते, आणि रात्रभर बायका अहिराणीत तिची गाणी म्हणतात. ही रात्र बायकांची. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, हे म्हाताऱ्यांना ठाऊक. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन नदीकडे निघतात तेव्हा पुढे भाड्याची गाडी, तिच्यावर स्पीकरच्या भिंती, आणि गाणं निवडणारा गल्लीतला पोरगा. मागच्या बायकांचे ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. ‘आते आमनं कोन आयकस?’ असं एखादी आजी म्हणते, तेव्हा तिची तक्रार यंत्राबद्दल नसते. गाणं ठरवायचा अधिकार तिच्या हातून गेला, त्याबद्दल असते. मजकूर लिहिणाऱ्याला देवीचा अपमान दिसतो, या बायकांचा दिसत नाही. मला याचा राग येतो.

रीलला मात्र मी त्याच गाडीत बसवणार नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी, म्हणजे अहिराणी धरून, बोलणारे १८ लाख ६० हजारांच्या आसपास नोंदले गेले. एवढ्या लोकांच्या बोलीला पाठ्यपुस्तकात फारशी जागा नाही, वर्तमानपत्रात एखादं सदर मिळालं तर मिळालं. यूट्यूबवर अहिराणी गाणी लाखोंनी पाहिली जातात. त्यात उथळ भरपूर आहे, हे मान्य. पण शहरात वाढलेली पोरगी अहिराणी गाणं लाज न वाटता म्हणते, हे त्यामुळे घडलं.

राहिलं ‘मोबाईल बाजूला ठेवा’. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये आपले किती भाऊबंद आहेत! ज्याला रजा मिळत नाही तो स्थापना व्हिडिओ कॉलवर बघतो. पण रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदांत बसूनच खायचा असतो, तो फोनवर मिळत नाही, म्हणून ज्याला जमतं तो सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीत उभा राहून येतोच. मोबाईल आल्यावर हे येणं थांबलेलं नाही.

यंदा गल्लीच्या बैठकीत डीजेची वर्गणी निघेल, तेव्हा मिरवणुकीत बायकांच्या गाण्यांना किती वेळ आणि स्पीकर कधी बंद, हे आधी ठरवून घ्या. ठरवायला त्या बायकांनाच बसवा. आणि रविवारच्या रात्री तोच मोबाईल म्हाताऱ्यांपुढे ठेवून गाणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा, म्हणणारीचं नाव आणि गाव तिच्याच तोंडून घेऊन.