दुधीच्या रसाने गुडघ्याचं इन्फेक्शन टळत नाही

फोंड्याच्या मावशीने गुडघा बदलायची मिळालेली तारीख कुणालाही न विचारता सोडून दिली. कारण काय, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज: '८० किलोंवरच्यांनी सांधा बदलू नये, चरबीत इन्फेक्शन होऊन पाय कापावा लागतो. करायचंच असेल तर आधी २१ दिवस मासळी बंद, फक्त दुधीचा रस.' खाली सही 'मुंबईचे मोठे डॉक्टर'. नाव नाही.

८० किलो, तेही उंची न विचारता? मावशी पाच फूट दोन इंच. त्या उंचीला ८० किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३२-३३. इन्फेक्शनचा धोका ठळकपणे वाढतो तो ४०च्या पुढे, म्हणजे तिच्या बाबतीत ९९ किलोंच्या आसपास.

वजनाचा संबंध आहे, ते मान्य करावंच लागेल. चरबीच्या जाड थराला रक्तपुरवठा कमी, ऑपरेशनला वेळ जास्त, जखम पाझरत राहते. पण म्हणून बंदी? २०२३ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. भाषा सौम्य आहे, पण म्हणणं स्पष्ट: ठरावीक वजन गाठण्यासाठी ऑपरेशन लांबवू नका, थांबायचं तर वाढलेली साखर आटोक्यात आणायला आणि तंबाखू सोडायला थांबा. मेसेजमध्ये साखरेचं नावही नाही, आणि मावशीला डायबिटीस आहे!

आता तो दुधी. नुसत्या रसावर राहिलं की चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते, स्नायू झिजतात. प्रथिनं कमी पडली की जखम भरायला वेळ लागतो, म्हणजे इन्फेक्शनला आयतंच आवतण. जाड माणूसही कुपोषित असू शकतो, म्हणून तर ऑपरेशनआधी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघतात. त्यात उपाशीपोटी डायबिटीसच्या गोळ्या चालू ठेवल्या तर चक्कर येऊन पडायची. दुधी कडू निघाला तर रक्ताच्या उलट्या होऊ शकतात, ते वेगळंच. अगं मावशी, हुमणातला बांगडा खा, अंडं खा, भात थोडा कमी घे.

पाय कापायचं म्हणाल तर पहिल्यांदा गुडघा बदललेल्या १०० जणांत साधारण एक-दोघांना इन्फेक्शन होतं. लवकर कळलं तर आतून धुऊन नव्या सांध्यातला प्लास्टिकचा भाग बदलतात. उशीर झाला तर सांधा काढून, अँटिबायोटिक मिसळलेलं हाडांसाठीचं सिमेंट घालून, पुढे नवा बसवतात. हाल होतात, पैसा जातो. पाय कापायची वेळ क्वचितच येते.

मेसेजच्या शेवटी टाक्यांवर हळद लावायला सांगितलंय. काहीही लावू नका. पाझर दिसला तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.