जेकबसन स्टार्टर? नाही पटलं

लेखात परड्यूच्या (अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉल टीम) २०२५-२६ च्या स्टार्टिंग फाइव्हमध्ये (मॅच सुरू करणारे पाच जण) सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) जेकबसन धरलाय, पण अहो उंची सात फूट चार असली तरी पोरगं २०२४-२५ सीझनला दुसऱ्याच मॅचमध्ये पाय मोडून बाहेर गेलं, लगेच स्टार्ट कशाला? साउथ डकोटा स्टेटमधून क्लफला, तोही सेंटरच, आणलाय तो काय बेंच गरम करायला? स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन फिक्स, पाचवा कॉक्स, डिफेन्ससाठी.

खरी बोंब विंगला (कोर्टच्या कडेला खेळणारे) आहे, कॉल्व्हिन आणि हाइड दोघंही गेले. इस्रायलचा मेयर आल्यामुळे स्मिथला जरा दम खायला मिळेल, २०२४-२५ ला कोच पेंटरने त्याला पार पिळून काढलं. आणि हो, ह्यूस्टनविरुद्ध ६२-६० ने हरलो तेव्हा इनबाउंड करणारा (बाहेरून बॉल आत टाकणारा) त्यांचा उझानच मोकळा सुटला, ०.९ सेकंद उरले असताना आरामात लेअप (अगदी जवळून बास्केट)!! त्यावर लेखात एक ओळ नाही?