त्रिगुणित भांगेला बी का धरत नाही

त्रिगुणित भांगेला, म्हणजे गुणसूत्रांच्या दोनऐवजी तीन प्रती असलेल्या रोपाला, बी न धरण्याचं कारण एका लेखात ‘जनुकातला बिघाड’ असं दिलंय, ते पटलं नाही. जनुकं धडधाकट असतात. अडतं ते वाटणीत. भांगेच्या पेशीत गुणसूत्रं 20, म्हणजे 10 जोड्या. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे बीजपेशी तयार होताना, प्रत्येक जोडी फुटते आणि परागकणात किंवा बीजांडात 10 गुणसूत्रं जातात. त्रिगुणित रोपात प्रत्येकाच्या तीन प्रती, एकूण 30. तिघांची समान वाटणी होणार कशी? एकीकडे दोन, दुसरीकडे एक, आणि कोणत्या गुणसूत्राचं काय होईल याचा नेम नाही. म्हणून बीजपेशी बहुतांशी निकामी निघतात. बहुतांशी म्हणतोय, सगळ्या नव्हे. एखाददुसरं बी धरू शकतं, आणि ‘बिनबियांचं’ म्हणून विकणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगायलाच हवं.

शिवाय अशी रोपं फक्त कोल्चिसिनने (गुणसूत्रं दुप्पट करणाऱ्या रसायनाने) केलेल्या चतुर्गुणितांच्या, म्हणजे चार प्रतींच्या रोपांच्या, साध्या रोपांशी झालेल्या संकरातूनच येतात असं नाही. कधीकधी विभाजन अर्धवट राहतं, अख्खी 20 गुणसूत्रं एकाच बीजांडात उरतात आणि साध्या संकरातही त्रिगुणित रोप निघतं. नुसती पानं पाहून ते खात्रीने ओळखता येत नाही. पैदासकारांनी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशीतला डीएनए किती आहे हे मोजणारी चाचणी, करून घ्यावी, निदान ज्या रोपापासून पुढची पिढी घ्यायची त्याची तरी.