खिडकीतून दिसते तेवढीच नदी

ठाण्यात वन बीएचकेचा भाव ऐकून घाम फुटला की माणूस कल्याणच्या पुढे सरकतो आणि बदलापुरात ‘रिव्हर व्ह्यू’च्या पाटीपाशी येऊन थांबतो. तुम्हीही तिथवर पोचला असाल, तर पुराचा अंदाज कसा घ्यायचा ते सांगतो. त्यासाठी कुठल्या सरकारी कचेरीत खेटे घालायला नकोत.

जागा बघायला एप्रिलमध्ये जा. उल्हास तेव्हा इतकी शहाण्यासारखी वाहत असते की तिला नदी म्हणावं की नाही, असा प्रश्न पडावा. बाल्कनीत उभं राहून ती किती खाली आहे ते नजरेनं मोजा आणि म्हणा, “छे, एवढं वर कुठलं यायला!” झाला अंदाज. बुकिंगचा चेक फाडा.

एखादे भाऊजी पूररेषेचा विषय काढतीलच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यात भिण्यासारखं काय आहे? शंभर वर्षांचा पूर 26 जुलै 2005 ला येऊन गेला असं धरा, म्हणजे पुढची पाळी थेट 2105 ची. तेव्हाचं तेव्हाचे फ्लॅटधारक बघतील. मग 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली, हजारावर प्रवासी सोडवायला बोटी आणि हेलिकॉप्टरं आली, ते काय होतं? नदीला मोजता येत नाही, दुसरं काय. भाऊजी गणितवाले निघाले तर ऐकवतील की ‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे दर वर्षी 4 टक्के शक्यता, गेल्या साली पूर आला म्हणून यंदा सूट मिळत नाही; आणि 20 वर्षांच्या गृहकर्जात पाणी निळ्या रेषेला एकदा तरी शिवण्याची शक्यता 56 टक्क्यांच्या घरात जाते, लाल रेषेलासुद्धा 18 टक्के. अशा माणसाला वास्तुशांतीला बोलवू नये.

बरं, रेषा काढायच्या त्या झालेल्या पावसाच्या नोंदी बघून. पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडायला बांधील आहे, हे एकदा मान्य केलं की झोप छान लागते. जमिनीचंही तेच. बांधाआड पाणी धरून ठेवणारी भातखाचरं भराव घालून सपाट केली, वर पेव्हर ब्लॉक बसवले, तरी पाणी पूर्वीसारखंच दमादमानं नदीत उतरेल. त्यालाही कळतं, ही सुशिक्षितांची वस्ती आहे.

उपनद्यांकडे अजिबात लक्ष देऊ नका. ब्रोशरात त्या नसतात. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास तुमच्या बाल्कनीखाली येईपर्यंत वाटेत पेज, शिलार, पोशीर तिला गाठतात. त्यातल्या पेजेत तर भिवपुरीच्या वीजकेंद्रातून घाटावरचं, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं पाणी उतरतं. खाली बारवी येऊन मिळते, कल्याणच्या बाजूला काळू आणि भातसेचं पाणी येतं, आणि त्यापुढे खाडी. या सगळ्यांचा फुगवटा एकाच वेळी आला, त्यात समुद्राला भरती असली, तर पाण्यानं जायचं कुठं, असले प्रश्न इंजिनिअरांनी विचारावेत. तुम्ही गॅलरीत मनीप्लांट लावा. अंबरनाथकडून येणाऱ्या वालधुनीचं उदाहरण घ्या. लोकांनी तिला नाला म्हणायला सुरुवात केली आणि केवढी सोय झाली! नाल्याला पूर येत नाही. तिथं फक्त पाणी तुंबतं.

सोसायटीत राहायला गेलात की जिन्याखालच्या भिंतीवर कुणी पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहिलीय का, ते बघा. सापडली तर रंगाऱ्याला सांगून तिच्यावर दोन हात मारून घ्या. तुम्हाला फ्लॅट विकायची वेळ आलीच, तर एप्रिलमध्ये बघायला येणाऱ्यानं ती वाचायला नको.

आणि गेटवरच्या वॉचमनमामांच्या नादी लागू नका. हवामानाचं ॲप तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे फक्त नदीच्या वरच्या अंगाला, कर्जतला दिलेली बहीण. रात्री तिचा फोन येतो, “दादा, हिकडं दुपारपासनं धो धो चाललंय.” लगेच मामा पंपाची मोटार सोडवतात, स्वतःची पेटी पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेऊन ठेवतात आणि तुमची बेल वाजवतात, “साहेब, गाडी पुलावर लावून या.” तुम्ही खिडकीबाहेर हात काढून बघा. हात कोरडा आला की मामांना सांगा, इकडे तर थेंबही नाही, आणि दार लावून घ्या.