घरातलीच मुलगी चावते तेव्हा

"कोरियन झॉम्बी कॉमिक्स म्हणजे हॉलिवूडची उचलेगिरी. भीती जमत नाही म्हणून वर आई-बाप-लेकीच्या रडारडीची फोडणी. आणि हा सगळा खटाटोप नेटफ्लिक्सला विकायला." हा मजकूर मला एवढ्यात चार जणांनी पाठवला. ही कॉमिक्स मला जिवापाड आवडतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

शेवटचा आरोप आधी, कारण तो तारखांवरच कोसळतो. जू डोंग-गन यांचं 'ऑल ऑफ अस आर डेड' हे शाळेत अडकलेल्या मुलांचं वेबटून, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणारं कोरियन कॉमिक, नेव्हर या कोरियन संकेतस्थळावर २००९ ते २०११ या काळात आलं. नेटफ्लिक्स कोरियात सुरू झालं जानेवारी २०१६ मध्ये. त्यावरची मालिका आली २०२२ साली. जो गिऱ्हाईक अजून दारातही आला नव्हता, त्याच्यासाठी माल कसा भरणार?

नक्कल? झॉम्बीचं आजचं रूप अमेरिकेतून आलं, हे मान्य. पण ज्या सिनेमातून ते आलं, त्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये तळघरात काय घडतं ते आठवा. चावा बसलेली लहान मुलगी मरते, उठते, बापाचं मांस खाते आणि आईला खुरप्याने मारते. म्हणजे कुटुंब ही कोरियन भेसळ नाही. ते मूळ पाककृतीतच होतं. कोरियन लेखकांनी त्या तळघरातला प्रश्न उचलला आणि त्याभोवती अख्खी गोष्ट उभी केली.

आता रडारड. हा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो.

ली युन-चांग यांचं झॉम्बी झालेल्या लेकीचं वेबटून २०१८ ते २०२० मध्ये चाललं. साथ संपलीय, बाकीचे झॉम्बी संपलेत, उरलीय एकटी सू-आ. बाप जंगह्वान तिला गावी आजीच्या घरी लपवतो आणि चावायचं नाही, हे शिकवत बसतो. यातून बापाची माया काढून टाका. काय उरतं? सरकारच्या हवाली करायची एक मुलगी, आणि पहिल्याच पानावर गोष्ट खलास. इथे भीती दाराबाहेरच्या झुंडीची नाहीच. ज्या पोरीला घास भरवायचा तिचेच दात, शेजाऱ्याची नजर, आणि लेक आपल्याला ओळखते की आपणच तसं मानून घेतोय ही शंका, ही खरी भीती. यावरच्या सिनेमात आजी नातीला धाकात ठेवते ती पाठ खाजवायच्या लाकडी हाताने. कोरियन भाषेत त्या वस्तूला 'ह्योजासोन' म्हणतात, म्हणजे आईबापाची सेवा करणाऱ्या मुलाचा हात. त्या हाताने नातीला आवरणारी म्हातारी बघून मी हसले, आणि लगेच घशात काहीतरी अडकलं. ३० जुलै २०२५ ला आलेल्या त्या सिनेमाची कोरियात ५० लाखांहून अधिक तिकिटं विकली गेली. इतकी माणसं फोडणी चाखायला जात नाहीत.

दुसरंही एक आहे. कोरियन घरांत पूर्वजांसाठी 'जेसा' करतात, बराचसा आपल्या श्राद्धासारखा विधी: पानं मांडायची, नमस्कार करायचा. त्यासाठी गेलेलं माणूस नीट गेलेलं असावं लागतं. झॉम्बी ना गेलेला, ना राहिलेला. त्याच्यापुढे पान मांडायचं की त्याला साखळीने बांधायचं? मला वाटतं, कोरियन झॉम्बी आधी घरात शिरतो तो यामुळे.

'ऑल ऑफ अस आर डेड'च्या मालिकेत तर विषाणूच एका बापाच्या हातून जन्मतो. शाळेत छळल्या जाणाऱ्या मुलाला प्रतिकार करता यावा म्हणून विज्ञानशिक्षक बाप तो बनवतो. कुटुंब वगळलं तर साथच उद्भवत नाही.

सगळी वेबटून्स चांगली आहेत, असा माझा दावा नाही. काही लेखक दर आठवड्याचं प्रकरण भरण्यासाठी तेच अश्रू पुन्हा दळतात. 'स्वीट होम' या वेबटूनला लोक या यादीत घालतात, पण त्यातले राक्षस चाव्याने होत नाहीत, माणसाच्या अनावर इच्छेतून होतात. त्यावर वेगळं बोलावं लागेल.

ही कॉमिक्स फोनवर वरून खाली सरकवत वाचतात. चित्रांमध्ये लांबलचक रिकामी जागा असते, आणि बाप खोलीचं दार उघडतो तेव्हा त्या जागेतून खाली जायचं की नाही, हे आपल्या अंगठ्याच्या हाती असतं. लेक आत कशी बसली असेल, हे कळेपर्यंत माझा अंगठा थांबतो.