बाबांना सापडला नाही

जंगलातल्या एका डब्यात, चतकोर वहीत, माझ्या मुलीच्या गिचमिड अक्षरात हे वाक्य नोंदलं गेलंय. कालपासून मी धुमसतोय.

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी डबा लपवायचा, अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि आमच्यासारख्यांनी तो मोबाईल घेऊन हुडकायचा. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये पहिली बादली लपवली. मुद्दामची चूक गेली. दाट झाडांखाली होणारी राहिली. मोबाईलवरचा बाण म्हणाला, तीन मीटर. तीन मीटर गेलो. बाण म्हणाला, चौदा. चौथ्या फेरीनंतर बायकोने, "अहो, फोन उलटा धरलाय का?" एवढंच विचारलं. वर माहितीत लिहिलेलं: 'अवघडपणा ५ पैकी १.' लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय.

डबा चुन्याच्या जुन्या भट्टीपाशीच असणार होता. तिथल्या दगडावर एक आजोबा बसलेले. खेळात नसलेल्यांसमोर शोधाशोध करायची नाही, असा संकेत. म्हणून मी भट्टी न्याहाळल्याचा आव आणला. फसलो.

"भट्टी बघताय? वरून एक थर चुनखडीचा, एक थर सरपणाचा. उष्णता नऊशे! किती?"

"नऊशे."

"अंश! खालच्या तोंडातून कळीचा चुना काढायचा. गाडीत भरला आणि पाऊस आला, तर?"

"भिजेल."

"पेटेल!" आजोबा तिरमिरीत अर्धे उठले. दगडाच्या फटीत हिरवं झाकण चमकलं. मी वाकलो. आजोबा बसले.

पुढची चाळीस मिनिटं मी ते पुन्हा उठावेत म्हणून भलते प्रश्न विचारत होतो. गाडी पेटल्यावर बैलांचं काय व्हायचं, हेही विचारलं. आजोबा खुलत गेले, पण बसूनच.

शेवटी मुलगी म्हणाली, "आजोबा, जरा उठता? तुमच्याखाली आमचा डबा आहे."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी स्वतःच डबा काढून तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी चुन्यात खडे मिसळले असावेत. इतिहासात रस असलेला माणूस भेटल्याचा त्यांचा आनंद मीच नासवला म्हणे. आणि माझी चाळीस मिनिटं?

डब्यातलं काही घेतलं, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवायचं असतं. मुलीने शिंग मोडलेला प्लास्टिकचा गेंडा घेतला. वहीत ते वाक्य लिहिलं आणि बदल्यात माझं चांगलं पेन आत ठेवून झाकण लावलं. म्हणजे खोडायचीही सोय नाही.