साहेबांच्या कंबरेवरचा हात

गणपती आठ दिवसांवर आले की मुंबई-गोवा महामार्गाच्या पाहणीला मंत्री येतात. पंचांगात हा योग छापलेला नसतो, पण चुकत नाही. अशा वेळी खड्ड्यांबद्दल विचारायची हौस कुणाला असेल तर त्याने विचारावं. तुम्ही मात्र साहेबांचे हात कुठे आहेत ते बघा. भविष्य त्यात आहे, तुमचंसुद्धा.

परवा कणकवलीत साहेब गाडीतून उतरले, दार धरून क्षणभर थांबले, मग डावा हात कंबरेवर ठेवून पुलाकडे बघत राहिले. रात्री चॅनलवर तेवढीच क्लिप फिरवून फिरवून दाखवली. देहबोलीतज्ज्ञ म्हणाले, कंबरेवर हात म्हणजे मुलखावर ताबा. दार न सोडणं म्हणजे खुर्ची सोडायची तयारी नाही. मान वळवली नाही, म्हणजे पक्षातल्या विरोधकांना ते मोजत नाहीत.

आमचे आबा हे सगळं टपरीवर चहा फुंकत बघत होते. म्हणाले, "मेल्या, ताबो खयचो! मुंबैसून रस्त्यान इलो तो. कंबर गेली हा तेची."

तुम्ही आबांसारखं करू नका. त्यांचं निदान बरोबर असेलही, पण त्यांना चॅनलवर कुणी बोलावणार नाही. या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता मतदान करतात. ज्या रस्त्याचं वय मतदारयादीशी जुळायला लागलंय त्यावर बोलण्यासारखं नवीन काय उरणार? साहेबांची मान मात्र रोज नवी असते.

सुरुवात आकड्याने करा. १९६७ साली अमेरिकेत अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने काही प्रयोग केले. एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचा, चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. त्यातून शब्दांना ७, सुराला ३८, चेहऱ्याला ५५ असा हिशेब निघाला. हा हिशेब आवडनिवड कळवण्यापुरताच आहे, सगळ्या बोलण्याला लावू नका, असं ते स्वतःच सांगत राहिले. तुम्ही ते सांगत बसू नका. ३८ आणि ५५ ची बेरीज करा आणि 'संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो' असं ठोकून द्या. मग लोकसभेतलं तमिळ भाषण आपल्याला ९३ टक्के कळायला हवं ना, असं एखाद्या खवचटाने विचारलं, तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघा. (घड्याळ बघण्यालाही अर्थ असतो. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी १९९२ सालच्या निवडणुकीच्या वादचर्चेत घड्याळ बघितलं, त्यावर तिकडे अजून बोलतात. त्या वर्षी ते निवडणूक हरले. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या हे राहूच द्या, घड्याळ धरून चला.)

अमेरिकेचं आणखी एक उदाहरण खिशात ठेवा, ते कुठेही चालतं. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो. अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवरची पहिली वादचर्चा. निक्सन फिकट, घामेजलेले. केनेडी उन्हात रापलेले, ताजेतवाने. इथेच थांबा, पुढे बोललात तर पंचाईत. निक्सनचा गुडघा गाडीच्या दारावर आपटून चिघळला होता आणि ते नुकतेच इस्पितळातून बाहेर आले होते. केनेडींच्या पाठीवर त्याआधीच शस्त्रक्रिया झाल्या होत्या, ते कंबरेला पट्टा बांधून वावरत. म्हणजे ज्याची कंबर खरोखर गेली होती तो तगडा दिसला, आणि गुडघा दुखणारा पडेल दिसला. आबा तिथे असते तर काय म्हणाले असते ते सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, कोकणातल्या माणसाला ही विद्या शिकवायची गरज काय? आपण रोज बाजारात बांगडा वाचतोच. कल्ले उचलून बघायचे: लालभडक तर ताजा, तपकिरी तर बर्फात राहिलेला. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, आत गेलेला नको. मग पोटावर बोट दाबायचं, बोट काढलं की खड्डा भरून आला पाहिजे. कोकणात आपोआप भरून येणारा खड्डा एवढाच. तिसऱ्यांदा दाबलंत की मासेवाली मनगटावर चापट मारते आणि म्हणते, "घेतंस तर घे, मालिश कित्याक करतंस?"

पण ही विद्या पुढाऱ्यावर चालत नाही, हे समजून घ्या. बांगड्याला आपण ताजे दिसावं अशी इच्छा नसते. पुढाऱ्याला असते, आणि त्यासाठी त्याने माणूस ठेवलेला असतो. बाह्या कुठवर दुमडायच्या, म्हातारीसमोर किती वाकायचं, टपरीवरची उसळ कुणाच्या ताटातून खायची, हे सगळं गाडीतच ठरतं. दशावतारातला राजा रंगपटात तोंडाला रंग लावून बसलेला आपण पडद्याच्या फटीतून बघतो, तरी तो बाहेर आला की हात जोडतोच ना? इथेही तसंच करा. कल्ले उचलायला जाऊ नका, सुरक्षारक्षक चापटीवर थांबत नाहीत.

आणि चुकण्याची भीती तर अजिबात बाळगू नका. नुसतं बघून-ऐकून माणूस खोटं बोलतोय का ते ओळखता येतं का, यावरच्या दोनशेवर संशोधनांचा एकत्र हिशेब २००६ साली मांडला गेला. चोवीस हजारांवर लोकांनी केलेले निवाडे त्यात होते. बरोबर निघाले ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. आपल्या देवळात कौल लावतात त्याचं गणितही याच आसपासचं असावं: गुरव पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, मंडळी 'व्हय महाराजा' म्हणतात, उजवी पडली की होकार आणि डावी पडली की नकार. दोन्ही पडल्या नाहीत तर पुन्हा गाऱ्हाणं. खर्च एक नारळ, आणि तोही प्रसादाला परत मिळतो. चॅनलवरचे तज्ज्ञ नारळ परत देत नाहीत. एवढाच फरक, बाकी निकालाच्या रात्री 'जनतेचा कौल' हा शब्द दोघांनाही चालतो.

सराव करायचा तर गणपतीतच करा. त्या दिवसांत पुढारी घरोघर दर्शनाला येतात आणि एका दिवसात चाळीस घरांत त्याच हसऱ्या चेहऱ्याने बसतात. आमच्या वाडीत एकदा साहेबांनी मोदक नुसता उचलून परत ठेवला. त्यावरून आठ दिवस चर्चा: या घरावर साहेबांची मर्जी उरली नाही. त्या घरच्या वहिनींनी आठ दिवस डोळ्यांना पदर लावला. साहेबांना मधुमेह आहे हे त्यांच्या ड्रायव्हरने अनंतचतुर्दशीला सांगितलं. त्याच दौऱ्यात जिल्हा परिषदेच्या दोन इच्छुकांच्या खांद्यांवर साहेबांनी हात ठेवला होता. एकाच्या उजव्या, एकाच्या डाव्या. उजवा म्हणजे उजवा कौल असं धरून पहिल्याने बॅनर छापले. डाव्याचं म्हणणं, डावा खांदा काळजाच्या बाजूचा. तिकीट तिसऱ्याला मिळालं. तो सबंध वेळ गाडीतच बसून होता आणि काचा काळ्या असल्यामुळे त्याची देहबोली कुणाला वाचता आली नाही.

चिपीचं उदाहरण तर प्रत्येक अभ्यासकाने पाठ करावं. ९ ऑक्टोबर २०२१ ला तिथल्या सिंधुदुर्ग विमानतळाचं उद्घाटन झालं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एका व्यासपीठावर. सगळा जिल्हा टीव्हीसमोर. कोण कुणाकडे बघतंय, कोण बघत नाहीये, नमस्कार झाला की नुसता झाल्यासारखा वाटला? आम्ही घरात तीन गट पाडून भांडलो. त्या दोघांनी मात्र फार दया केली आणि माईक हातात आल्यावर जे होतं ते स्पष्ट शब्दांतच बोलून टाकलं. देहबोलीतज्ज्ञांचा त्या दिवशी धंदा बुडाला. त्या गडबडीत धावपट्टीकडे कुणी बघितलं नाही. पुढे विमानांनी कितीदा पाठ फिरवली त्याची देहबोली वाचायला एकही तज्ज्ञ चिपीला उतरला नाही. उतरणार तरी कशाने?

तर परवाच्या पाहणीकडे परत येऊ. साहेब चार पावलं चालले. रिक्षा संघटनेने, मच्छीमारांनी आणि एका शाळेच्या पालकांनी निवेदनं दिली. प्रत्येक निवेदन साहेबांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, डोळे मिटले. मी शेजारच्याला सांगितलं, बघ, डोळे मिटणं म्हणजे विषय आत उतरला. तो म्हणाला, फोटोचा फ्लॅश होता. अशा माणसांना तुम्ही जवळ करू नका.

साहेब गाडीत बसायला लागले तेव्हा काच अर्धी खाली होती. ते सीटवर टेकले, कळवळले, पुन्हा पुढे झाले. पीएने हातातला निवेदनांचा गठ्ठा नीट चौकोनी केला, वर एक टॉवेल गुंडाळला आणि साहेबांच्या पाठीमागे, बरोबर कंबरेच्या खळग्यात सरकवला. साहेब मागे रेलले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी खरं दिसलं.

आबांनी ग्लास खाली ठेवला.

"बघलंस? मी काय सांगी होतंय?"